प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना : घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ (पोवळी) वाढविण्यासाठी करावयाची दिव्यांची निवड, मांडणी आणि त्यांच्या प्रकाशाचे मापन. शौकीन मंडळी अशा टाकीला ‘रीफ टँक’ म्हणतात. गोड्या पाण्याच्या साध्या मत्स्यालयात दिवा मुख्यतः मासे दिसावेत म्हणून असतो. रीफ टँकमध्ये मात्र दिवा हा अन्नपुरवठ्याचाच एक भाग असतो.

याचे कारण प्रवाळाच्या ऊतकात राहणारी झूझँथेली ही सहजीवी एकपेशीय शैवले. त्यांना हे नाव जर्मन प्राणिवैज्ञानिक कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये दिले. ही शैवले प्रवाळाला नेमके काय देतात, याविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. ग्रेट बॅरिअर रीफवरील १९२८-२९ च्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. याँग यांच्या मते प्रवाळ हा मुळात मांसाहारी प्राणी असून शैवले त्याची उत्सर्जित द्रव्ये हटविण्यापुरतीच उपयोगी पडतात. हे मत ग्राह्य धरले, तर दिव्याला दुय्यम स्थान राहते. जीववैज्ञानिक लेनर्ड मस्कटाइन यांनी १९६७ मध्ये शैवलांतून बाहेर पडणारे ग्लिसरॉल हे ऊर्जा देणारे द्रव्य दाखविले आणि त्यानंतरच्या कामातून प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेली द्रव्ये प्रवाळाकडे मोठ्या प्रमाणात जातात, हे मत दृढ झाले. आज तेच सर्वमान्य आहे. तथापि प्रवाळ प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, हे याँग यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. २०१८ मध्ये, तोवर सिंबायोडिनियम या एकाच वंशात मोडणाऱ्या या शैवलांची अनेक वंशांत विभागणी झाली. त्यांपैकी काही उष्णता व तीव्र प्रकाश इतरांपेक्षा चांगला सोसतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रवाळांना एकच दिवा सारखा का मानवत नाही, याचे एक कारण यात असावे.

इतिहास : कृत्रिम दिव्यांवर प्रवाळ वाढविण्याचा आरंभ कोणी केला, हे निश्चित सांगणे अवघड आहे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नैसर्गिक पद्धती’त जिवंत खडक (सूक्ष्मजीवांसह समुद्रातून आणलेले खडक), हवेचे बुडबुडे आणि दिवसाचा उजेड एवढेच साहित्य होते. म्हणजे ते प्रवाळपालनाचे आद्य प्रवर्तक ठरतात, प्रकाशयोजनेचे नव्हेत. १९७०-८० या काळात जर्मन भाषक शौकिनांनी, विशेषतः पीटर व्हिल्केन्स व पुढे बर्लिनच्या मंडळींनी, तीव्र दिव्यांचा आग्रह धरला. बर्लिनमधील डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाचे तुकडे पुढे युरोप-अमेरिकेतील अनेक टाक्यांत पोहोचले. अमेरिकेत ही लाट १९८६ च्या सुमारास डच ‘मिनी-रीफ’ पद्धतीच्या प्रसिद्धीमुळे आली. अमेरिकन लेखन बहुधा तेथूनच आरंभ करते. बर्लिनचे श्रेय त्याहून जुने मानणे अधिक योग्य वाटते.

निळ्या प्रकाशाचा प्रश्न : समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, स्वच्छ पाण्यात निळा सर्वांत खोल पोहोचतो. शैवलांतील क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनीन ही रंगद्रव्येही प्रामुख्याने ४००–५५० नॅनोमीटर या पट्ट्यात प्रकाश टिपतात. त्यामुळे निळ्या दिव्यांचा आग्रह निराधार नाही. १९८४ मध्ये किन्झी व सहकाऱ्यांना निळ्या व पांढऱ्या प्रकाशात प्रवाळाची वाढ हिरव्या-लाल प्रकाशापेक्षा चांगली आढळली. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावरील २०१४ च्या प्रयोगात लाल प्रकाशाने सहजीवनाचे कार्य दडपले जाते, असे दिसले.

तरीही बाजारातील गडद निळेपणा सगळाच जीववैज्ञानिक गरजेपोटी आलेला नाही. निळ्या प्रकाशाखाली प्रवाळातील काही प्रथिने हिरवी, नारिंगी वा लाल चमकतात आणि ग्राहकाला तेच हवे असते. या प्रथिनांचे कार्य वादग्रस्त आहे. २००० साली सालिह व सहकाऱ्यांनी ती तीव्र उन्हापासून संरक्षण देतात असे मांडले. त्याआधी श्लिख्टर यांनी तांबड्या समुद्रातील लेप्टोसेरिस फ्रॅजिलिस या खोल पाण्यातील प्रवाळावरून नेमका उलट तर्क केला होता : शैवलांना न वापरता येणारा प्रकाश ती वापरता येईल अशा तरंगलांबीत बदलतात. उथळ पाण्यासाठी संरक्षणाचे आणि खोल पाण्यासाठी रूपांतराचे स्पष्टीकरण, अशी वाटणी हल्ली अधिक पटते. खोल प्रवाळांविषयीच्या २०१७ मधील संशोधनाने तिला बळ मिळाले.

या संदर्भात ‘ॲक्टिनिक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. ग्रीक ‘आक्टिस’ (किरण) वरून आलेला हा शब्द एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाच्या काचेवर परिणाम करणाऱ्या किरणांसाठी रूढ होता. मत्स्यालयात तो फिलिप्सच्या ‘०३’ क्रमांकाच्या, ४२० नॅनोमीटरजवळ तीव्रतम असणाऱ्या नळ्यांसह आला. त्या नळ्या मुळात प्रकाशरासायनिक कामांसाठी होत्या. आता दुकानदार कोणत्याही निळ्या दिव्याला ॲक्टिनिक म्हणतात.

मापन : दिव्याच्या खोक्यावर वॅट, ल्यूमेन व केल्व्हिन हे आकडे असतात, प्रवाळासाठी तिन्ही अपुरे. वॅट म्हणजे खर्च झालेली वीज. ल्यूमेन व लक्स ही एकके मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेली असून तिचा उच्चांक ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या-पिवळ्या भागात असतो. सूर्यप्रकाशात १ मायक्रोमोल फोटॉन, म्हणजे प्रकाशकण (दर चौ. मी. दर सेकंद), म्हणजे सुमारे ५४ लक्स; परंतु ४५० नॅनोमीटरच्या शुद्ध निळ्या प्रकाशात तितकेच फोटॉन लक्समीटरवर जेमतेम ७ दाखवितात. साध्या लक्समीटरवर विसंबून निळ्या दिव्याची तीव्रता वाढवीत नेणाऱ्याने प्रवाळ भाजून काढले, तर नवल नाही. केल्व्हिन हा आकडा तर त्याहून फसवा. तो दर्शवितो ते वर्णतापमान तप्त कृष्णपदार्थाच्या (सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या आदर्श पदार्थाच्या) रंगाशी तुलना करून ठरते. असा पदार्थ कितीही तापविला तरी तो फिकट निळ्यापलीकडे जात नाही, म्हणून गडद निळ्या दिव्याला दिलेला ‘२०,००० केल्व्हिन’ हा आकडा मुळात निरर्थक आहे.

उपयोगी राशी एकच : ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातील फोटॉनांचा प्रवाह, अर्थात प्रकाशसंश्लेषणक्षम प्रारण, शौकिनांच्या भाषेत ‘पार’. तो प्रवाळ जेथे ठेवायचा त्या जागी, पाण्याखाली मोजावा. उष्ण कटिबंधात दुपारच्या उघड्या उन्हात तो सुमारे २,००० मायक्रोमोल असतो. घरी इतक्याची गरज नसते. मऊ प्रवाळांना ५० ते १५० आणि ॲक्रोपोरासारख्यांना २०० ते ४०० मायक्रोमोल, असे व्यवहारातील अंदाज आहेत. ते प्रयोगापेक्षा शौकिनांच्या अनुभवावर आधारलेले आहेत. २०० मायक्रोमोल सतत १० तास दिल्यास दिवसाला ७.२ मोल होतात. दोन गोष्टी सहसा विसरल्या जातात. जुने स्वस्त संवेदक निळा प्रकाश कमी मोजतात. आणि हवेसाठी जुळविलेला संवेदक पाण्यात बुडविल्यावर कमी वाचन दाखवितो, म्हणून वाचनाला त्या मीटरचा निमज्जन गुणक (पाण्यातील घट भरून काढणारा आकडा) लावावा लागतो.

दिव्यांचे प्रकार : फ्लुओरेसंट नळ्यांपैकी १६ मिमी. व्यासाच्या टी५ नळ्या, प्रत्येकीमागे स्वतंत्र परावर्तक असल्यास, एकसारखा उजेड देतात व सावल्या कमी पाडतात; मात्र वर्षभरात त्या बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइड हे वायू-बाष्पाचे तीव्र दिवे (१५०, २५०, ४०० वॅट) भेदक आहेत आणि पाण्यावर लकाकणाऱ्या प्रकाशरेषा उमटवितात, पण पाणी तापवितात. मुंबईच्या उन्हाळ्यात त्यांच्यासोबत चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे आलेच. तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सिद्ध केला (२०१४ चे भौतिकीचे नोबेल अकासाकी व अमानो यांच्यासह). रीफ टँकसाठी एलईडी दिवे साधारणतः २००६ च्या सुमारास बाजारात आले. ते आज सर्वाधिक वापरात आहेत. त्यांचा दोष असा की, एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशाने फांद्यांच्या खालच्या बाजूस गडद सावली पडते. यावर काही जण एलईडीच्या कडेने टी५ नळ्या जोडतात.

नवा दिवा लावताना तीव्रता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. अंधारात सरावलेल्या प्रवाळावर एकदम तीव्र प्रकाश पडल्यास तो शैवले गमावून पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. उलट प्रकाश अपुरा असेल, तर शैवले वाढून प्रवाळ तपकिरी होतो. नवशिक्याला ही तपकिरी बरेचदा आरोग्याची खूण वाटते.

भारतातील स्थिती : मालवणच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ पावसाळी गढूळ पाण्यात, म्हणजे बऱ्याच कमी प्रकाशात तग धरून असतात, तर विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी. अंतरावरील आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या उंचवट्याचा माथा सुमारे २० मी. खोलीवर असूनही तेथे पाणी स्वच्छ असल्याने प्रवाळ वाढतात. ‘उथळ पाण्यातील प्रवाळ, म्हणून भरपूर प्रकाश’ हा ढोबळ नियम कोकणात लागू पडत नाही. मात्र यांपैकी कोठूनही घरच्या टाकीसाठी प्रवाळ आणता येत नाही : खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ या संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यानेच होतो.