जिन्याची पायरी ऑगस्टात रुंद का होते?

इंदूरला रामबागेत माझ्या मावशीने जुनं घर न पाडता नीट करून घेतलं. भिंती राहिल्या, पण अंधारा जिना गेला आणि त्या जागी हल्ली सगळीकडे दिसतो तसा मोकळा जिना आला. मधोमध एकच पोलादी तुळई, तिच्यावर सागवानाच्या जाड फळ्या, बाजूला काचेचा कठडा. काम ऑगस्टात संपलं. मार्च उलटला तसा जिना रात्री टकटक वाजू लागला आणि मेमध्ये तीन फळ्यांना लांबच लांब चिरा गेल्या. शेजारच्या आजींनी वास्तुशांत करायला सांगितली, मिस्त्रीने लाकूडवाल्याकडे बोट दाखवलं आणि लाकूडवाला म्हणाला, "माल सीझन केलेला होता. सीझन केलेलं लाकूड हलत नाही."

हे शेवटचं वाक्य चूक आहे आणि ते इतक्या घरांत ऐकू येतं की त्यावर लिहायलाच हवं. सीझन करणं म्हणजे लाकूड सुकवणं. सुकवल्याने त्यातलं पाणी जातं, पाणी पुन्हा ओढून घ्यायचा स्वभाव जात नाही. पावसाळ्यात फुगून अडकणारं दार आपण दरवर्षी बघतो. पायरीची फळीही तेच करते, फक्त तिला अडकायला चौकट नसते म्हणून लक्षात येत नाही.

लाकडाच्या आत बघू. लाकूड म्हणजे उभ्या, पोकळ नळ्यांची मोळी. ओल्या ओंडक्यात पाणी दोन ठिकाणी असतं: नळीच्या पोकळीत आणि नळीच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी उडून गेलं तर वजन घटतं, आकार बदलत नाही. सगळा खेळ भिंतीतल्या पाण्याचा. भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांची असते. सेल्युलोजच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या जागोजागी असतात आणि हवेतला पाण्याचा रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने चिकटतो. असे रेणू धाग्यांमध्ये शिरले की धागे एकमेकांपासून दूर सरकतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी मावलं की भिंत तृप्त होते. त्यापुढे कितीही भिजवा, लाकूड फुगत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हे धागे नळीभोवती जवळजवळ उभे गुंडाळलेले असतात. त्यामुळे ते एकमेकांपासून दूर सरकले तर नळी जाड होते, लांब होत नाही. म्हणूनच मीटरभर लांबीची पायरी वर्षभर लांबीला तेवढीच राहते आणि रुंदीला मात्र बदलते. रुंदीतही दोन दिशा सारख्या नाहीत. गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे आडवे पट्टे, मज्जाकिरण, त्या दिशेला लाकडाला आवरून धरतात. वाढीच्या वलयांच्या बाजूने असा आवर नाही, म्हणून तिकडे आकसणं जवळपास दुप्पट. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या बाजूने सुमारे ५ ते ६ टक्के आकसतं, गाभा-साल दिशेने २ ते ३ टक्के, लांबीत मात्र टक्क्याचा अगदी छोटा अंश. तरीही सागवान हे फार शांत लाकूड मानलं जातं.

गणित करू. हवेच्या आर्द्रतेप्रमाणे लाकडातलं पाणी एका पातळीवर येऊन स्थिरावतं. माळव्यात मेमधल्या भाजणाऱ्या कोरड्या हवेत ही पातळी साधारण ७ टक्के, ऑगस्टच्या झडीत १५च्या आसपास. फरक ८ टक्क्यांचा. वलयं फळीच्या रुंदीत आडवी पडतील अशी कापलेली सागाची फळी पाणी घटण्याच्या दर टक्क्याला ०.१८ टक्के आकसते, म्हणजे ८ टक्क्यांना जवळपास दीड टक्का. पायरी २८० मिलिमीटर, म्हणजे ११ इंच रुंद असेल तर बदल ४ मिलिमीटर. मिस्त्रीच्या भाषेत सव्वा सूत. तीच फळी वलयं उभी राहतील अशी कापलेली असेल तर त्याच्या निम्मा. पॉलिशने हा बदल मंदावतो, थांबत नाही. एका बाजूलाच पॉलिश केलं तर उलट नुकसान होतं, कारण दोन पृष्ठं वेगवेगळ्या वेगाने ओली-कोरडी होतात आणि फळी पन्हळीसारखी वाकते. म्हणून सहाही बाजूंना पॉलिश हवं.

मावशीच्या फळ्या ऑगस्टात, भरपूर ओल धरलेल्या असताना बसवल्या. तुळईवरच्या पोलादी पट्टीला पुढे आणि मागे स्क्रूंच्या दोन रांगा, गोल भोकांतून गच्च आवळलेल्या. उन्हाळ्यात फळीला सव्वा सूत अरुंद व्हायचं होतं आणि स्क्रू तिला होऊ देत नव्हते. तंतूंच्या आडव्या दिशेने ताण सोसण्यात लाकूड सर्वांत कच्चं असतं. ते तंतूंच्या रेघेतच फाटलं.

रात्रीचा आवाजही याच ओढाताणीचा. आकसणारी फळी स्क्रूखाली घर्षणाने अडकून राहते, ताण साठतो आणि घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेला की ती केसभर घसरते. टक्. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच अडकत-सुटत चालतो. दिवसभर तापलेलं लोखंड रात्री थंड होऊन आकसतं, त्याची भर पडते, आणि घर निजलेलं असल्याने ऐकूही येतं. जिन्यावर कोणी चालत नसतं.

जुन्या सुतारांच्या कामात या हालचालीला जागा होती. लाकडी दादराच्या पायऱ्या बाजूच्या फळ्यांत खाच पाडून, पाचर मारून बसवत. नव्या जिन्यातही हे सहज जमतं. पुढच्या रांगेचे स्क्रू पक्के, मागच्या रांगेची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट. फळी पुढून धरलेली, मागे सरकायला मोकळी.

सिमेंटच्या जिन्यावर सागवान चढवणाऱ्यांना आणखी एक सांगतो. पायऱ्यांची संख्या विषमच हवी म्हणून लोक नकाशे बदलतात. मी तर शेवटची अर्धी पायरी घातलेली पाहिली आहे. पायाला सम-विषम कळत नाही. दोन पायऱ्या चढल्या की शरीर उंची पाठ करतं आणि पुढचा पाय काठाच्या जेमतेम वरून नेतं. जिन्यात माणूस अनेकदा पडतो तो वेगळ्या उंचीच्या पायरीवर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आता १७५च्या जिन्यावर २५ मिलिमीटरची फळी चढवा: मधल्या पायऱ्या १७५च राहतात, पहिली २०० होते, शेवटची १५०. फरशीची पातळी बदलणार नसेल तर हे आधी मोजायला हवं. आणि नव्या प्लास्टरची ओल पूर्ण जाईपर्यंत थांबायला हवं, नाहीतर ती फळीच्या खालच्या बाजूत शिरते आणि कडा वर उचलतात.

मावशीच्या तीन फळ्या बदलल्या, बाकीच्यांच्या मागच्या भोकांना लांबटपणा दिला. नव्या फळ्या बसवण्याआधी ओल मोजायच्या यंत्राने आकडा पाहिला: १० टक्के. ऑगस्टात तिने एका पायरीच्या मागच्या कडेलगत पोलादी पट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली. परवा, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तिचा फोन आला. कड रेघेपासून पुढे आली होती, पूर्ण एक सूत.