प्रलयाच्या अफवा आणि एका डॉलरचं खोटं

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळची जमीन हादरली. मुंगेर आणि मुझफ्फरपूर या शहरांची दैना झाली, दोन्ही बाजूंना मिळून दहा हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यानंतरच्या आठवड्यांत जमुना प्रसाद नावाचे बिहारमधले एक मानसशास्त्रज्ञ वेगळ्याच कामाला लागले होते. ते अफवा टिपून ठेवत होते.

त्यांनी जमवलेल्या अफवा आजही वाचण्यासारख्या आहेत. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यात भयंकर वादळ येणार. २३ जानेवारी हा घातवार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप. नेपाळच्या सीमेवरून पुराचा लोंढा मधुबनीकडे निघालाय. भूकंपाच्या क्षणी गंगेचं पाणी गायब झालं आणि स्नान करणारी माणसं वाळूत रुतली. आणि २६ फेब्रुवारीला तर थेट प्रलय!

प्रसाद यांचा निबंध १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त छापून आला. प्रसंग अनोळखी आहे, भावना ढवळून निघाल्या आहेत, नेमकं काय घडलं ते कुणालाच ठाऊक नाही, ऐकलेलं पडताळायची सोय नाही आणि सगळ्यांचाच जीव त्यात अडकलेला आहे, अशा वेळी अफवेचं पीक येतं, असं त्यांनी दाखवलं. यातलं काहीच जुनं झालेलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळमध्ये भूकंप झाल्यावर आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नासाच्या नावाने आणखी मोठ्या भूकंपाचं भाकीत फिरत होतं, त्यात चंद्र उलटा दिसणार असंही होतं. आणि अर्थ लावायची घाई फक्त सामान्यांनाच होते असं नाही. १९३४ चा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांना त्यावर जाहीर आक्षेप घ्यावा लागला होता.

प्रसादांचा हा निबंध पुढे सामाजिक मानसशास्त्रातल्या सर्वांत गाजलेल्या सिद्धांतांपैकी एकाचं, बोधात्मक विसंवादाच्या सिद्धांताचं, बीज ठरला. पाठ्यपुस्तकांत हा सिद्धांत थेट अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून सुरू होतो आणि बिहारचा उल्लेख बहुधा गाळला जातो. मला तो गाळणं चुकीचं वाटतं. आपल्या माणसाचं नाव यावं एवढ्याचसाठी नव्हे. माणसांच्या वागण्याबद्दलचा एखादा तर्क पारखायला संशोधक किती वेगवेगळ्या वाटा शोधतात, ते या एकाच गोष्टीत पहिल्यापासून पाहायला मिळतं.

साधारण १९५१-५२ ची गोष्ट. लिऑन फेस्टिंगर हे तरुण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ, कुर्ट लेविन यांचे विद्यार्थी, माणसं एकमेकांवर प्रभाव कसा टाकतात याबद्दलचं उपलब्ध संशोधन चाळत होते. प्रसादांचा निबंध हाती आला आणि ते एका प्रश्नापाशी अडले. या अफवा ज्या भागात पसरल्या तिथे धक्का जोरात जाणवला होता, पण पडझड झाली नव्हती. मग सुखरूप राहिलेल्या माणसांनी स्वतःला धीर देणाऱ्या गोष्टी रचायच्या सोडून आणखी भीती घालणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवला? माणूस सुख शोधतो आणि दुःख टाळतो म्हणतात, त्यात हे बसत नव्हतं.

फेस्टिंगर यांना सुचलेलं उत्तर उलट्या दिशेने जाणारं होतं. अफवेमुळे भीती वाटत नव्हती, भीतीमुळे अफवा लागत होती. धक्क्याने छातीत धडधड सुरू झालेली आहे आणि आजूबाजूला पाहावं तर घरं जागच्या जागी उभी. ‘मी घाबरलोय’ आणि ‘घाबरण्यासारखं काही दिसत नाही’ या दोन गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. भीती काही मनात आणून घालवता येत नाही, पण तिला शोभेल असं कारण मिळालं तर ताण कमी होतो. २६ फेब्रुवारीचा प्रलय हे असं कारण होतं.

तर्क म्हणून हे झकास आहे. पण झकास तर्क लढवणं आणि तो खरा ठरवणं यात फार अंतर असतं. इथे पहिली पायरी तुलनेची. हा तर्क बरोबर असेल, तर जिथे विध्वंस डोळ्यांसमोर घडला तिथे भीती घालणाऱ्या अफवा उठायला नकोत, कारण तिथल्या माणसांच्या भीतीला कारण आधीच मिळालेलं आहे. अशी तुलनाही भारतातूनच आली. जून १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली. तिथल्या अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला आणि तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिन्हा पुढे अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मातीचे ढिगारे, मोडलेली घरं आणि मृत्यू प्रत्यक्ष पाहिलेल्या दार्जिलिंगमध्ये आणखी मोठ्या संकटांच्या अफवा फिरताना त्यांना आढळल्या नाहीत.

जुळलं म्हणायचं का? पुरतं नाही. बिहार आणि दार्जिलिंग यांच्यात विध्वंस दिसणं-न दिसणं एवढाच फरक नव्हता. मधे सोळा वर्षं गेली होती. एकीकडे भूकंप, दुसरीकडे दरडी. माणसं वेगळी, मुलूख वेगळा, अफवा टिपणारा वेगळा. निकालातला फरक यांपैकी कशामुळे पडला ते सांगता येत नाही. जे जसं आहे तसं पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासाची हीच अडचण असते. दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात, म्हणजेच त्यांच्यात सहसंबंध असतो, पण कोण कुणाला ओढतंय ते कळत नाही. आणि संशोधक काही मुद्दाम भूकंप घडवून आणू शकत नाही.

फेस्टिंगर यांनी या कल्पनेला ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ असं नाव दिलं. मराठीत तिला बोधात्मक विसंवाद म्हणतात. आपल्या मनातल्या दोन समजुती, किंवा समजूत आणि कृती, एकमेकींना छेद देऊ लागल्या की अस्वस्थता येते. ती कमी करायला आपण यांपैकी जी गोष्ट बदलायला सोपी असेल ती बदलतो. केलेली कृती परत घेता येत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा बळी मताचा जातो.

१९५४ मध्ये एक चालून आलेली संधी फेस्टिंगर यांनी साधली. शिकागोजवळ राहणाऱ्या डोरोथी मार्टिन या बाईंना क्लॅरियन नावाच्या ग्रहावरून संदेश येत असत. २१ डिसेंबरला महापूर येऊन सगळं बुडणार आणि निष्ठावंतांना उडत्या तबकड्या येऊन घेऊन जाणार, असं त्या सांगत. पूर येणार नाही याची खात्री असल्याने संशोधकांना तारखेसकट एक नैसर्गिक प्रयोग, म्हणजे स्वतः न घडवता आपोआप घडणारा प्रयोग, मिळाला. फेस्टिंगर, हेन्री रिकन आणि स्टॅनली शॅक्टर यांनी भक्त म्हणून आपली माणसं त्या गटात घुसवली. या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात. आत शिरलेल्यांची फार तारांबळ उडे. सगळ्यांसमोर लिहिता येत नसल्यामुळे टिपणं न्हाणीघरात जाऊन काढावी लागत.

२० डिसेंबरच्या मध्यरात्री सगळे अंगावरच्या कपड्यांतल्या झिपसुद्धा काढून टाकून बसले होते, कारण तबकडीत धातू चालणार नव्हता. कुणीच आलं नाही. पहाटे पावणेपाचला नवा संदेश आला की या छोट्याशा गटाने इतका प्रकाश पसरवला की देवाने जगाला वाचवायचं ठरवलं. तोवर वार्ताहरांना टाळणारे हे लोक त्यानंतर स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन करू लागले, असं संशोधकांनी १९५६ मधल्या आपल्या पुस्तकात लिहिलं. भविष्य खोटं ठरलं, तर विश्वासासाठी घरदार पणाला लावलेली माणसं तो टाकण्याऐवजी आणखी घट्ट धरतात, हा त्यांचा निष्कर्ष जगभर पोहोचला.

हा प्रसंग सांगायला इतका छान आहे की त्यातली भोकं कुणी फार पाहिली नाहीत. मुळात गट लहान होता आणि त्यात वेषांतर केलेले संशोधकच बरेच होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी गटात प्रवेश मिळावा म्हणून गूढ स्वप्न पडल्याची बतावणी केली, तर भक्तांनी तेच दैवी संकेत म्हणून घेतलं! निरीक्षक ज्या गटाला पाहायला गेला त्यालाच त्याने खतपाणी घातलं. थॉमस केली या संशोधकाने फेस्टिंगर यांची जुनी कागदपत्रं तपासून २०२५ मध्ये आणखी गंभीर आक्षेप घेतले. भविष्य फसण्याआधीही हे लोक प्रचार करतच होते, नंतर त्यांची श्रद्धा फार टिकली नाही आणि संशोधकांचा हस्तक्षेप पुस्तकात कबूल केल्यापेक्षा बराच जास्त होता, असं त्यांचं म्हणणं आहे. या अभ्यासाकडे मी आता पुरावा म्हणून पाहत नाही.

म्हणून प्रयोगशाळा लागते. फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. मानसशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घेतलेले ७१ मुलगे त्यात होते. प्रत्येकाला अर्धा तास एका ट्रेमध्ये १२ रिळं भरायची, ती काढायची आणि पुन्हा भरायची असं काम दिलं. पुढचा अर्धा तास एका फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवत राहायचं. कंटाळा यावा म्हणूनच हे काम रचलं होतं.

खरा प्रयोग त्यानंतर सुरू होई. संशोधक ओशाळल्यासारखं करून सांगे की आमचा मदतनीस आज आला नाही, बाहेर एक मुलगी वाट पाहतेय, काम फार मजेशीर आहे असं तुम्ही तिला सांगाल का? त्याचे काहींना १ डॉलर, काहींना २० डॉलर. त्या काळी २० डॉलर ही चांगलीच रक्कम होती. तिसऱ्या गटाला खोटं बोलायला सांगितलंच नाही. हा नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला. कोणता मुलगा कोणत्या गटात जाणार ते निव्वळ योगायोगावर सोडलेलं होतं. भोळे, लबाड, गरीब, श्रीमंत, सगळे तिन्ही गटांत सारखेच विखुरले जावेत म्हणून ही यादृच्छिक विभागणी. बिहार आणि दार्जिलिंगच्या तुलनेत नेमकं हेच नव्हतं.

शेवटी वेगळीच व्यक्ती मुलाखत घेई, आणि समोरच्या मुलाला किती पैसे मिळालेत हे तिला माहीत नसे. काम किती रंजक वाटलं, उणे ५ ते अधिक ५ यांपैकी आकडा सांगा. नियंत्रित गटाची सरासरी आली उणे ०.४५. वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५, म्हणजे जवळपास तेवढीच. एक डॉलरवाल्यांची मात्र अधिक १.३५.

जास्त पैसे मिळाले तर मत जास्त बदलेल, असं बक्षिसाच्या हिशेबाने कुणीही म्हटलं असतं. निकाल उलटा लागला. वीस डॉलर मिळालेल्या मुलाला आपण खोटं का बोललो ते ठाऊक होतं, त्यामुळे कामाबद्दलचं मत तसंच राहिलं. फुटकळ एका डॉलरसाठी खोटं बोललेल्याकडे असं कारण नव्हतं. मग काम तितकंसं वाईट नव्हतं, असं त्याने स्वतःलाच पटवून घेतलं.

७१ पैकी ११ जणांचे निकाल गाळावे लागले, ती यादी मला फार आवडते. पाचांना संशय आला. तिघांनी पैसे घ्यायला नकार दिला. दोघांनी त्या मुलीला सरळ सांगून टाकलं की हे बोलायला मला पैसे दिलेत, खरं तर काम रटाळ आहे. आणि एकाने तिचा फोन नंबर मागितला, तिला नंतर सगळं समजावून सांगायचं म्हणून. हिशेब ६० जणांवर झाला, प्रत्येक गटात २०. पुढे खरा उद्देश सांगून पैसे परत मागितले, तेही सगळ्यांनी खळखळ न करता दिले. असं फसवणं योग्य का, हा प्रश्न तेव्हा कुणाला फारसा पडत नसे. आता असा प्रयोग आधी नीतिमत्ता समितीपुढे ठेवावा लागतो.

आकडे आले तरी त्यांचा अर्थ एकच असतो असं नाही. १९६७ मध्ये डॅरिल बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विचारलं की या सगळ्यात मनाची अस्वस्थता हवीच कशाला? आपण दुसऱ्याच्या वागण्यावरून त्याचं मत ताडतो, तसंच स्वतःचंही ताडत असू. ‘एका डॉलरसाठी मी मजा आली म्हणालो, म्हणजे आली असणार.’ बेम यांच्या म्हणण्यातूनही तेच आकडे निघतात. दोन स्पष्टीकरणांचं भाकीत एकच असेल, तर तोच प्रयोग शंभरदा करूनही निवाडा होत नाही. दोघांची भाकितं जिथे फुटतात अशी जागा शोधावी लागते.

ती मार्क झाना आणि जोएल कूपर यांनी १९७४ मध्ये शोधली. त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावला, पण त्याआधी एक गोळी दिली. गोळीत औषध काहीच नव्हतं. काहींना सांगितलं की हिने बेचैन वाटेल, काहींना सांगितलं की शांत वाटेल. बेम बरोबर असतील तर गोळीने काही फरक पडायला नको, कारण त्यांच्या हिशेबात बेचैनीला जागाच नाही. प्रत्यक्षात, ‘बेचैन करणारी’ गोळी घेतलेल्यांचं मत बदललं नाही. मनातली चुळबूळ त्यांनी गोळीच्या खाती घातली. शांत वाटेल असं सांगितलेल्यांचं मत नेहमीपेक्षाही जास्त बदललं. बेचैनी खरीच असते, या बाजूने आजवर मिळालेल्या पुराव्यांत मला हा सगळ्यांत देखणा वाटतो.

पण २० जणांचे गट आणि तेही एकाच विद्यापीठातले, यावर साऱ्या मानवजातीबद्दल किती बोलायचं? हे दुखणं साऱ्या विषयाचंच आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच मूळचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला. विसंवादाच्या सिद्धांताची अशी मोठी तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांत मिळून ४,८९८ जण त्यात होते. पद्धत निबंधाचीच होती. स्वतःच्या मताविरुद्ध लिहा, असं काहींना ‘तुमची इच्छा असेल तर’ म्हणून सांगितलं आणि काहींना थेट हुकूम दिला. सिद्धांतानुसार मत बदलायला हवं ते पहिल्या गटाचं, कारण हुकमाने लिहिणाऱ्याकडे हुकूम हेच कारण असतं.

मताविरुद्ध लिहिणाऱ्यांचं मत, भलत्याच विषयावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, सरकलं खरं. पण स्वखुशीने लिहिणाऱ्यांचं आणि हुकमाने लिहिणाऱ्यांचं सारखंच सरकलं. मग ते विसंवादामुळे सरकलं, की लिहिता लिहिता आपलेच मुद्दे पटत गेल्यामुळे? या प्रयोगात ते वेगळं करता येत नाही. त्यासाठी झाना-कूपर यांच्या गोळीसारखी युक्ती या आकाराच्या प्रयोगात बसवावी लागेल.