आतड्यातील जीवाणू आणि प्रतिजैविक-प्रतिरोध

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात; त्यांतले बहुतांश मोठ्या आतड्यात. ते न पचलेले तंतू आंबवतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि बाहेरच्या रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. पण घशासाठी घेतलेली प्रतिजैविकाची गोळी पोटातल्या या वस्तीवरही चालते. औषधाला दाद न देणारे, म्हणजे प्रतिरोधी जीवाणू तेवढे मागे राहतात, मोकळ्या जागेत वाढतात आणि अनेकदा काही महिने टिकतात.

खरी चिंता पुढे आहे. प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात. दोन जीवाणू जवळ आले की या कड्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तीही वेगळ्या जातीत. जपानमध्ये १९५०च्या दशकात हगवणीचे शिगेला जीवाणू एकदम अनेक औषधांना दाद देईनासे झाले. हा गुण आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडूनही त्यांच्यात येऊ शकतो, हे पुढे प्रयोगांनी दाखवले. एका कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असली, तर एकाच औषधाच्या वापराने सगळीच जपली जातात. लघवीच्या संसर्गात सापडणारा ई. कोलाय बहुधा रुग्णाच्याच आतड्यातला असतो. म्हणून पोटात निमूट राहिलेला प्रतिरोध उपचाराच्या वेळी नडतो.

सांगली जिल्ह्यात हा विषय गोठ्यापर्यंत जातो. गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते, आणि ओतून देववत नाही म्हणून ते वासराला पाजले जाते. दुधात उतरलेले औषध त्याच्या कोवळ्या आतड्यात प्रतिरोधी जीवाणूंनाच वाव देते. तेच जीवाणू शेणातून उकिरड्यावर आणि खतातून रानात पोहोचतात. शहराकडूनही भर पडते: सांगलीचे सांडपाणी शेरीनाल्यावाटे कृष्णेत मिसळत आले आहे. कोंबड्या व जनावरांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. माणसांच्या गंभीर संसर्गात हाती उरणाऱ्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे.

औषध थांबल्यावर प्रतिरोधी जीवाणूंचे प्रमाण साधारणपणे हळूहळू उतरते. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत कोणत्या गोळ्या झाल्या, ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मिरजेला दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत जरूर टाकावीत.