जीएसपीटी१ आणि जीएसपीटी२: नावं जुळी, जन्म वेगळे

प्रथिन बनवताना रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र, यूएए, यूएजी किंवा यूजीए यांपैकी एखाद्या थांबा-संकेतापाशी पोचला की दोन प्रथिनं कामाला लागतात. ईआरएफ१ हा संकेत ओळखतं आणि तयार साखळी सोडवतं, तर ईआरएफ३ जीटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूचं विघटन करून त्याला साथ देतं. ईआरएफ१ चं जनुक ईटीएफ१, पाचव्या गुणसूत्रावरचं. ईआरएफ३ ची मात्र दोन जनुकं आहेत, जीएसपीटी१ आणि जीएसपीटी२, आणि गोंधळ इथेच होतो. त्यात ही नावं पेशीचक्रातल्या जी१ ते एस (वाढीकडून डीएनएच्या नकलेकडे) या टप्प्यावरून पडलेली, त्यामुळे प्रथिननिर्मिती थांबवण्याचा त्यांत मागमूसही नाही.

जीएसपीटी१ सोळाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा मजकूर अनेक एक्सॉनमध्ये, म्हणजे कामाच्या तुकड्यांमध्ये विखुरलेला, मधेमधे लांब इंट्रॉन, म्हणजे आरएनएमधून कापून टाकले जाणारे तुकडे. पहिल्या एक्सॉनमध्ये जीजीसी ही तीन अक्षरं ओळीने अनेकदा येतात, आणि ती किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं.

जीएसपीटी२ एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या प्रथिनाच्या मजकुरात एकही इंट्रॉन नाही. त्याच्या जन्माची खूण हीच. फार पूर्वी जीएसपीटी१ च्या, इंट्रॉन कापून टाकलेल्या संदेशवाहक आरएनएची उलटी नक्कल होऊन डीएनए तयार झाला आणि तो एक्समध्ये जाऊन बसला. अशा प्रती बहुधा मरतात, कारण जनुक चालू करणारा भाग सोबत येत नाही. ईटीएफ१ च्या अशा निकामी प्रती आपल्या जीनोममध्ये आहेतच. जीएसपीटी२ जगलं, ही मला या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. त्याला छद्मजनुक, म्हणजे जनुकाची निकामी प्रत, म्हणणं चूक आहे. पेशींमधलं जीएसपीटी१ चं प्रथिन घटवलं की ईआरएफ१ ही कमी होतं. पण जीएसपीटी२ चं प्रथिन पुरवलं तर ते ही उणीव भरून काढू शकतं. दोन्ही प्रथिनांचा शेपटाकडचा भाग जवळपास सारखा आहे, फरक मुख्यतः सुरुवातीच्या भागात.

प्रयोगशाळेत हा भेद फार जपावा लागतो. आरएनएच्या नमुन्यात डीएनए मिसळला असेल, तर जीएसपीटी१ साठी इंट्रॉनच्या दोन बाजूंना प्रायमर (नक्कल करायच्या तुकड्याची टोकं ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) ठेवून ती भेसळ ओळखता येते, कारण डीएनएवरून आलेला तुकडा लांब निघतो. जीएसपीटी२ मध्ये इंट्रॉनच नसल्याने आरएनएवरून आणि डीएनएवरून आलेले दोन्ही तुकडे सारख्याच लांबीचे येतात. म्हणून तिथे आधी डीएनेज वापरून डीएनए नष्ट करावा, आणि आरएनएची डीएनएमध्ये उलट-नक्कल न केलेला नमुना तुलनेला शेजारी ठेवावाच.