खुब्याचा इम्प्लांट गंजला तर रिपोर्ट कुठे करायचा, कागद काय लागतात

बऱ्याच जणांना वाटतं इम्प्लांट खराब झाला की भांडायचं फक्त हॉस्पिटलशी. पण सरकारी नोंद करता येते, मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम म्हणून, म्हणजे इम्प्लांटसारख्या वैद्यकीय उपकरणांनी झालेल्या त्रासाची नोंद, २०१५ पासून चालू आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन बघतं. रिपोर्ट कोणीही करू शकतं, डॉक्टर, नर्स, स्वतः पेशंट किंवा घरचे. फी नाही. फॉर्म कमिशनच्या साइटवर आहे, अडलं तर टोल फ्री १८००-१८०-३०२४.

फॉर्ममधे कंपनी, मॉडेल, लॉट नंबर, इम्प्लांट बसवल्याची तारीख आणि त्रास काय झाला हे लागतं. लॉट नंबर मिळतो तो फाईलमधल्या स्टिकरवर, आणि खरी गोची इथेच आहे, कारण इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं बंधन आहे आणि इम्प्लांटचा बॉल त्याच्या दांड्यावर जिथे बसतो तिथला गंज कधी कधी सात-आठ वर्षांनी त्रास द्यायला लागतो, एक्सरे नॉर्मल, जांघ मात्र ठणकते. त्यामुळे आत्ताच लेखी अर्ज करून कॉपी मागा, ७२ तासांत द्यावी लागते. स्टिकरचा फोटो मोबाईलमधे नको नुसता, प्रिंट पण काढा.

सोबत डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, एमआरआय आणि रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमचा (इम्प्लांट गंजला की रक्तात उतरणारे धातू) रिपोर्ट जोडा. ही टेस्ट साध्या नळीत घेत नाहीत, लॅबला आधी विचारा.

आता महत्त्वाचं, या रिपोर्टमधून पैसे मिळत नाहीत. २०१० साली परत मागवलेल्या डेप्यू कंपनीच्या एएसआर या खुब्याच्या इम्प्लांटसाठी केंद्राने समिती नेमून भरपाईचा फॉर्म्युला काढला होता, तो फक्त त्याच इम्प्लांटला, दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिथे अर्ज करून उपयोग नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत, उशीर झाला तर कारण पटवावं लागतं, म्हणून गंजाचं निदान पहिल्यांदा लिहिलेला कागद जपा, समोरचे मुदत मूळ ऑपरेशनपासून मोजायला बघतात. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. पूर्ण फुकट सरकारी ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलविरुद्ध हा रस्ता बहुतेक बंदच.

रिव्हिजन, म्हणजे इम्प्लांट बदलायचं ऑपरेशन, ठरलं असेल तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनला लेखी द्या की काढलेला भाग फेकू नका, फोटो काढा, सीलबंद करून ताब्यात द्या आणि ऑपरेशन नोटमधे गंजाचा काळा थर दिसला का ते लिहा. कंपनीचा माणूस तपासणीसाठी तो भाग मागेल, पावतीशिवाय देऊ नका.