रिपोर्टात नसलेली तारीख

गेल्या महिन्यात माझा भाचा कोथरूडहून रात्री साडेदहाला घरी आला. खिशात घडी घातलेला लॅबचा रिपोर्ट, भाचेसुनेचा : एचएसव्ही-२ आयजीजी पॉझिटिव्ह. जननेंद्रियांचा हर्पिस. लग्नाला सहा वर्षं झाली, फोड मात्र आत्ता पहिल्यांदा आले. "मामा, म्हणजे हे आत्ताच कुठूनतरी आलंय ना?"

"कुठूनतरी" हा शब्द त्यानं फार सावकाश उच्चारला.

तसं म्हणता येत नाही. आयजीजी म्हणजे या विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं, ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात. विषाणू कधीतरी भेटला, एवढंच ती चाचणी सांगते (आकडा काठावरचा असेल तर तेही चुकू शकतं). कधी आणि कोणाकडून, ते नाही. कदाचित लग्नाआधी. कदाचित भाच्याकडूनच, ज्याला आयुष्यात एक फोड आलेला नाही. लागण झालेल्या बहुतेकांना ती कळतच नाही. हे ऐकून तो गप्प झाला.

मला या विषाणूचं कौतुक वाटतं ते त्याच्या दडून बसण्याचं. त्वचेत शिरला की तो संवेदी चेतातंतूचं टोक गाठतो. चेतापेशीत मालवाहतुकीसाठी सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि डायनिन नावाची प्रथिनं त्यांवरून माल आत ओढून नेतात. हा गडी विनातिकीट त्या गाडीला लटकतो आणि त्रिकास्थीजवळच्या (कमरेखालच्या हाडाजवळच्या) चेतागंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, उतरतो. तिथं पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए कडीसारखा गोल होतो, आपल्याच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो आणि जवळजवळ सगळी जनुकं बंद पडतात. प्रथिनंच बनत नाहीत म्हटल्यावर प्रतिकारयंत्रणेनं पकडायचं काय? पुढं कधीतरी, एखाद्या तापाच्या निमित्तानं, त्याला जाग येते. मग किनेसिन या दुसऱ्या वाहक प्रथिनाच्या उलट्या गाडीनं तो पुन्हा त्वचेवर येतो. कधी फोड घेऊन, कधी काहीच न दाखवता.

औषधाची गंमतही इथंच आहे. गर्ट्रूड एलियन (नोबेल, १९८८) यांच्या प्रयोगशाळेतलं असायक्लोव्हिर नुसतं गिळून काही करत नाही. विषाणूचं थायमिडिन कायनेझ हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, तेव्हा कुठं ते कामाला लागतं आणि विषाणूच्या डीएनएची साखळी अर्ध्यात थांबवतं. जागा झालेला विषाणू असा आपल्याच हातानं फास आवळतो. झोपलेला ते विकर बनवतच नाही, म्हणून वाचतो.

स्टेशनच्या आसपासच्या भिंतींवर 'गुप्तरोग मुळासकट बरा' असं रंगवणाऱ्यांना विचारावं, मूळ कुठं असतं ठाऊक आहे का? आणि ज्या नागिणीला गेरू लावतात ती वेगळी, कांजिण्यांच्या विषाणूची, याच कुळातली. तिचंही तोंड-शेपूट जुळून कोणी दगावत नाही.

जोडप्यानं करायचं ते फार नाही. मुंग्या किंवा आग जाणवल्यापासून फोड पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळायचे. एरवी कंडोम, त्यानं धोका कमी होतो, संपत नाही, कारण विषाणू आजूबाजूच्या उघड्या त्वचेवरही असतो. २००४ साली १,४८४ जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. लागण असलेल्यानं रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर (शरीरात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिरच होतं) घेतल्यावर जोडीदाराला होणारा संसर्ग ४८ टक्क्यांनी घटला. अर्थात गोळी डॉक्टरांना विचारून. मूल हवं असेल तर त्यांना हेही सांगायचं : जुन्या लागणीपेक्षा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झालेली पहिली लागण बाळाला जास्त धोक्याची.

"मग मीही तपासून घेऊ?" भाच्यानं विचारलं.

घे म्हटलं. ससूनला त्वचा आणि गुप्तरोग विभाग आहे, दोघं मिळून जा. तूही पॉझिटिव्ह निघालास तर तुला वाचवण्यासाठी तिनं रोज गोळी घ्यायची गरजच उरत नाही.