ओल्या हॉप्सची बिअर: पारख कशी घडत गेली

ताज्या, न सुकवलेल्या हॉप्सच्या फुलांची बिअर चाखायला बसलेले बरेच जण तिला नेहमीच्या आयपीएच्या (इंडिया पेल एल या कडवट बिअरच्या) मापाने मोजतात आणि कडूपणा कमी म्हणून गुण कापतात. हे मला अन्यायाचं वाटतं. कारण ते माप मुळात सुकवलेल्या हॉप्सवर तयार झालेलं आहे. तासगावच्या माणसाला यातला फरक पटकन कळावा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पण म्हणून कुणी द्राक्षाच्या घडाला बेदाण्याच्या सौद्यातली पारख लावत नाही.

हॉप हा वेल. बिअरमध्ये जातात ती त्याची मादी फुलं, हिरव्या शंकूसारखी. पाकळ्यांच्या बुडाशी ल्युपुलिन नावाची चिकट पिवळी भुकटी असते. कडूपणा देणारी राळ आणि वास देणारी तेलं, दोन्ही त्यातच. फ्रान्समधल्या कॉर्बी मठाचा प्रमुख अडालहार्ड याच्या 822 सालच्या नियमांत हॉप्सचा उल्लेख सापडतो. बाराव्या शतकात जर्मनीतली मठाधिपती हिल्डेगार्ड हिने लिहून ठेवलं की याच्या कडूपणामुळे पेयं लवकर नासत नाहीत. बव्हेरियाच्या 1516 च्या फर्मानाने तर बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवून टाकलं.

म्हणजे हॉप्सची पहिली किंमत टिकाऊपणाची होती, आणि तीच अडचणीचीही ठरली. पीक वर्षातून एकदा, उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. ओल्या फुलात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी. तोडून ढीग घातला की तो आतून तापतो आणि फुलं काळी पडू लागतात. म्हणून भट्टीच्या ऊबदार हवेत ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा, मग दाबून गाठोडी बांधायची. इंग्लंडातल्या केंट परगण्यात टोकदार छपरांच्या हॉप-भट्ट्या आजही दिसतात. सुकवणीने वर्षभराची सोय झाली, पण मिरसीनसारखी सहज उडून जाणारी तेलं बऱ्याच प्रमाणात गेली. कापलेल्या गवताचा, ओल्या पानांचा, हिरव्या राळेचा वास जातो तो इथेच.

हिंदुस्थानचा हॉप्सशी संबंध आला तोही टिकाऊपणामुळेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इकडे येई. प्रवास कित्येक महिन्यांचा, त्यामुळे हॉप्स सढळ हाताने घातलेले. पुढे आयपीए म्हणून जगभर गेलेली शैली याच व्यापारातून वाढली. ओल्या हॉप्सची बिअर नेमकी याच्या उलट वृत्तीची आहे. तिला थांबायचं नसतं.

हॉप्सच्या मळ्याशेजारी राहणाऱ्यांनी पूर्वीही ओली फुलं वापरली असणारच. पण त्याला विक्रीची, नावाची बिअर म्हणून रूप आलं ते अलीकडे. इंग्लंडात वॅडवर्थ ब्रुअरीने 1992 मध्ये अशी बिअर काढली. अमेरिकेत 1996 मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीने वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून ओले हॉप्स ट्रकने शेकडो किलोमीटर दूर, कॅलिफोर्नियातल्या चिको गावी आणले. तेव्हापासून तोडणीनंतर साधारण एका दिवसात हॉप्स भांड्यात गेले पाहिजेत, हा या बिअरचा दंडक झाला. वजनाने सुक्याच्या पाच-सहा पट फुलं लागतात. शिवाय ओल्या फुलातला कडूपणा आधी मोजून मिळत नाही. म्हणून बरेच ब्रुअर कडूपणा सुक्या हॉप्सवर बेततात आणि ओल्यांकडून फक्त वास आणि चव घेतात.

परीक्षणाचं आजचं गुणपत्रक बीजेसीपी या 1985 मध्ये सुरू झालेल्या परीक्षक-संस्थेमुळे रूढ झालं. एकूण गुण 50: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातली जाणीव 5, एकंदर ठसा 10. ओल्या हॉप्सच्या बिअरसाठी माझी नजर आधी वासाच्या बारा गुणांवर जाते. गवत, काकडी, खरबूज, लिंबाची साल, ओली राळ यांपैकी काही ठळक हवं. पण शिळ्या पालेभाजीचा किंवा भिजलेल्या कडब्याचा वास आला तर तो दोषच. फुलं उशिरा पोचली असतील, नाहीतर भांड्यात फार वेळ राहिली असतील. पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे हवा लागलेली, उग्र स्कंक वास म्हणजे बाटलीला ऊन लागलेलं. या दोन्हींचा दोष ओल्या हॉप्सवर टाकू नये.

आपल्याकडे 2009 मध्ये पुण्यात दूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि ताजी बिअर पिण्याची सवय हळूहळू लागली. सांगलीच्या मळ्यात मात्र हॉप्सचा वेल नीट फुलणं कठीण. त्याला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते, आणि आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपासचा. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ते जमतं, तिथे 1970 च्या दशकापासून हॉप्स होतात. पण तिथली ओली फुलं एका दिवसात कृष्णाकाठी पोचवणं अवघड. तेव्हा इथे चाखायला मिळेल ती तयार बिअर, दुरून आलेली. भरल्याची तारीख आधी पाहावी, वाटेत ती थंड राहिली होती का ते विचारावं, आणि पेला बर्फात न ठेवता आठ-दहा अंशांवर प्यावा. तीन महिन्यांपूर्वीची असेल तर तिला या प्रकारात गुणच देऊ नयेत, साधी पेल एल (फिकट रंगाची बिअर) म्हणून चाखावी.